पिचर सेज दरवर्षी सप्टेंबरात लोळतंय? आधी खताची पिशवी उचलून ठेवा

दर सप्टेंबरला हाच प्रश्न येतो, गणपतीच्या आरतीला भेटलेल्या बायका विचारतात, मेसेजवर फोटो येतात, आणि फोटो पण सगळे सेम. वाफ्याच्या मधोमध एक रिकामं भगदाड आणि त्याच्या चारी बाजूंना जमिनीवर पसरलेल्या लांबलचक काड्या, टोकाला निळी फुलं. "अगं एवढं सुंदर फुललं होतं, रात्री पाऊस आला आणि सकाळी बघते तर आडवं!" पावसाने झालं असं सगळ्यांना वाटतं. मलाही दोन वर्षं तेच वाटत होतं. पाऊस शेवटचा धक्का देतो एवढंच, झाड त्याच्या तीन महिने आधीच पडायला तयार झालेलं असतं आणि ते आपणच तयार केलेलं असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी कोणतं झाड ते सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. मी राहते कॅन्ससमध्ये, ओव्हरलँड पार्कला, आणि बोलतेय ते साल्व्हिया अझुरियाबद्दल. याला इथे ब्लू सेज, अझुर सेज, पिचर सेज असं काहीही म्हणतात. इथलं मूळचं, प्रेअरीतलं, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या गवताळ माळावरचं झाड. पिचर म्हणजे पाण्याचा जग समजून मी पहिलं वर्षभर फुलात जगाचा आकार शोधत होते, तसं काही नाहीये, झायना पिचर नावाचा सैन्यातला डॉक्टर होता, वनस्पती गोळा करायचा, पुढे डेट्रॉइटचा महापौर झाला, त्याचं नाव आहे ते. तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातलं, त्यामुळे खोड चौकोनी, बोटात धरून फिरवलं की कडा लागतात. पानं अरुंद, जरा करडट हिरवी. उंची तीन ते पाच फूट, कधीकधी त्याहून जास्त. आणि फुलं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, जेव्हा बाकीचा बगीचा थकून पिवळा पडायला लागलेला असतो तेव्हा. निळं म्हणजे खरंच निळं हं, जांभळ्याला निळं म्हणायची नर्सरीवाल्यांची सवय आहे तसं नाही, पाऊस उघडल्यावर गावाकडे जे आभाळ दिसतं ना, तो रंग.

नर्सरीत "ब्लू सेज" एवढंच लिहिलेलं रोप उचललं असेल तर ते भलतंच काही असू शकतं. 'ब्लॅक अँड ब्लू' नावाचं मिळतं ते दक्षिण अमेरिकेतलं, आमच्याकडच्या थंडीत टिकेल याची खात्री नाही. रशियन सेज वेगळं, त्याच्या काड्या पांढरट असतात आणि चुरगळली की उग्र वास येतो. स्वयंपाकातलं सेज भूमध्य समुद्राकडचं. त्यामुळे लेबलवर साल्व्हिया अझुरिया किंवा साल्व्हिया अझुरिया ग्रँडिफ्लोरा आहे ना ते बघा, ग्रँडिफ्लोरा म्हणजे आमच्या मैदानी भागातला मोठ्या फुलांचा प्रकार. पुढचं सगळं त्याच झाडासाठी आहे.

आता माझी कहाणी. २०२० च्या वसंतात, सगळे घरात बसले होते तेव्हा, मी तीन रोपं आणली, छोट्या चार इंची कुंड्यांतली. दक्षिणेच्या कुंपणाला लागून वाफा होता, तिथे लावली. पहिल्या वर्षी एकेक काडी, फूल नाही. २०२१ ला चार फूट, सरळ, देखणी, मी फोटो काढून अख्ख्या खानदानाला पाठवले. २०२२ ला पाच फुटांच्या वर गेली आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत तिन्ही झोपली. मला वाटलं बिचारी कमजोर झाली, मग २०२३ ला ताकद द्यायची म्हणून मार्चमध्ये दोन पाट्या कंपोस्ट, मे महिन्यात दाणेदार खत, आणि वर स्प्रिंकलर होताच. जूनमध्ये झाडं अशी तरारली की काय सांगू, पानं हिरवीगार, मऊ, काड्या रसरशीत. बांबूच्या काठ्या खोचल्या, सुतळीने बांधली. ऑगस्टच्या शेवटी फुलं यायच्या आधीच काठ्यांसकट एका बाजूला. सुतळी काचून दोन काड्या तर मोडल्याच.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवत होते. आप्पा फलटणकडचे, आयुष्य शेतीत गेलेलं. मी म्हणलं, "आप्पा हे बघा ना, एवढं खत घातलं, पाणी घातलं, तरी पडतंय." त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "जरा खोड दाखव. दोन पेरांमधलं अंतर दाखव." दाखवलं. तर म्हणाले, "अगं गहू लोळलाय तुझा. युरिया जास्त झालाय."

मी हसले. मग गप्प बसले, कारण लहानपणी हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. ओंबीत दाणा भरायला लागलेला असतो, पीक काळंभोर हिरवं दिसतं, शेजारी म्हणतो काय पीक आहे, आणि एक वारा आला की चटई अंथरल्यासारखं सगळं आडवं. ज्याने खत बेताने टाकलेलं असतं त्याचं शेजारचं पिवळट रान उभं.

इथे तेच होतं. नत्र आणि पाणी भरपूर मिळालं की झाड भराभर उंच होतं, पेरं लांब पडतात, खोड जाड दिसतं पण आतून पोचट, धागा कमी आणि पाणी जास्त. त्यात हे झाड फुलतं काडीच्या शेंड्यावर, म्हणजे सगळं वजन वरच्या फूट-दीड फुटात. पावसात ती फुलं भिजली की वजन अजून वाढतं. मग पडणार नाही तर काय. खालची पानं पण तोवर गळालेली असतात, ते या झाडाचं नेहमीचंच आहे, रोग नाही, त्यावर फवारे मारू नका.

पण मला खरं पटलं ते फ्लिंट हिल्सला जाऊन आल्यावर. आमच्याकडून दोन तासांच्या ड्राइव्हवर टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह आहे, साधारण ११,००० एकरचं, १९९६ साली झालेलं. उंच गवताची प्रेअरी एकेकाळी उत्तर अमेरिकेत १७ कोटी एकरांवर होती म्हणतात, आता ४ टक्के पण उरली नाही, आणि जी उरली ती बरीचशी या फ्लिंट हिल्समध्ये, का तर इथे मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडी आणि चकमकीचा दगड, नांगर चालेना म्हणून वाचली. सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो. नवरा आणि मुलगा गव्यांच्या मागे, म्हणजे बायसनच्या, आणि मी वाकून निळी फुलं शोधतेय. सापडली. माळावर, चक्क पायवाटेच्या कडेला, खडकाळ जागी. कंबरेएवढी, काही त्याहून बुटकी, काड्या बारीक, माझ्या घरच्या काड्यांच्या निम्म्या जाडीच्या. मी एक काडी बोटाने बाजूला ढकलली तर ती तारेसारखी परत जागेवर आली! आणि एकटं झाड कुठेच नाही. प्रत्येकाच्या भोवती गवत, लिटल ब्लूस्टेम लालसर व्हायला लागलेलं, मध्येच गोल्डनरॉडचा पिवळा तुरा, आणि त्या गर्दीत ही निळी काडी खांद्याला खांदा लावून उभी. कासच्या पठारावर आपण जातो ना, तिथे पण कातळावर बोटभर माती आणि त्यावर तो फुलांचा गालिचा, त्याची आठवण झाली. तिथल्या त्या फुलांना कोणी उचलून शेणखताच्या वाफ्यात लावलं तर काय होईल? मी माझ्या सेजचं तेच केलं होतं.

आता तुमच्या झाडाकडे जा आणि ते नेमकं कसं पडलंय ते बघा, कारण सगळ्यांचं कारण एकच नसतं.

मधून फाटून चारी बाजूंना पडलं असेल, म्हणजे मध्ये खड्डा आणि कडेला काड्या, तर ते खत-पाण्याचं, वर सांगितलं तेच. सगळ्या काड्या एकाच बाजूला झुकल्या असतील तर खताला दोष देऊ नका, उन्हाकडे बघा. माझ्या तीनपैकी एकाचं हेच होतं, शेजारच्यांचं मेपल चार वर्षांत एवढं वाढलं की त्या कोपऱ्यात दुपारनंतर सावली, आणि ते रोप रस्त्याकडे मान काढून उभं. या झाडाला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवंच, आठ मिळालं तर उत्तम. सावलीत खत बंद करा, शेंडे खुडा, काहीही करा, ते वाकणारच. काड्या बुडातून हलतायत, ओढल्या तर सैल लागतात, तर बुडाशी पाणी साचतंय किंवा मल्चचा, म्हणजे माती झाकायला टाकतात त्या भुशाचा, ढीग खोडाला चिकटलाय आणि बूड कुजतंय. आमच्याकडची चिकण माती हे झाड सहन करतं, पण त्याच मातीत रोज पाणी आणि वर चार इंच लाकडाचा भुसा, हे नाही. मल्च बुडापासून वीतभर लांब ठेवा, किंवा माझ्यासारखं सरळ बारीक खडी टाका. आणि पहिल्या वर्षी रोपं अर्ध्यातून तिरकी कापल्यासारखी दिसत असतील तर तो ससा. कोंबड्यांच्या जाळीचा एक गोल करून लावा, मोठ्या झाडाकडे ते माझ्याकडे तरी फिरकले नाहीत.

पाण्याचं जरा नीट सांगते कारण इथे आपले लोक सगळ्यात जास्त फसतात. पूर्व कॅन्ससमध्ये वर्षाला साधारण ३५ ते ४० इंच पाऊस पडतो, आणि या झाडाची मुळं कित्येक फूट खोल जातात, त्यामुळे एकदा रुजलं की याला वरचं पाणी लागतच नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर द्या, दुसऱ्या वर्षी पानं दुपारनंतर पण मलूल राहिली तरच द्या, तिसऱ्या वर्षी विसरून जा. पण आपल्या घरांना असतो लॉनचा ऑटोमॅटिक स्प्रिंकलर, तो पहाटे पाचला लॉनबरोबर वाफा पण भिजवतो, आपण झोपेत. मला तर तीन वर्षं पत्ताच नव्हता! एकदा चहा घेऊन लवकर उठून बाहेर बसले तेव्हा दिसलं, स्प्रिंकलरचं एक हेड, म्हणजे तोटी, पूर्ण वळून थेट सेजवर फवारा मारतंय. ते हेड काढून तिथे टोपण बसवलं, हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतं. माझ्या मते सगळ्या उपायांमध्ये सगळ्यात जास्त फरक या टोपणाने पडला.

खताचं तर सरळ आहे. घालू नका. कंपोस्ट नाही, शेणखत नाही, फिश इमल्शन नाही, तांदूळ धुतलेलं पाणी पण नाही (हो, मी ते पण घालत होते, आईची सवय). लॉनला खत मारणारा माणूस येत असेल तर त्याला वाफ्यापासून दोन-तीन फूट लांब राहायला सांगा, मशीनमधून ते दाणे उडतात. आणि आधीच भरपूर घातलेलं असेल तर एका वर्षात चमत्कार होणार नाही, माझ्या वाफ्याला दोन वर्षं लागली. जमीन उतरायला वेळ लागतो. लवकर उतरवायची असेल तर पानगळीत पडलेली पानं वाफ्यात गाडू नका, उचलून भाज्यांच्या वाफ्यात टाका, तिथे ती हवीच असतात.

आता शेंडे खुडणं. इथले बागवाले याला चेल्सी चॉप म्हणतात, लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी करतात म्हणून. आपल्याला त्यात नवीन काही नाही. शेवंतीचे शेंडे खुडतोच, शेतात तुरीचा शेंडा खुडतात, शेंडा गेला की बाजूने फुटवे येतात, झाड बुटकं आणि डेरेदार होतं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढी वर्षं का नाही खुडला?" उत्तर नव्हतं.

मी करते ते असं. मेच्या शेवटी ते जूनच्या मध्यापर्यंत, झाड साधारण दोन फुटांचं झालं की, बाहेरच्या काड्या निम्म्या कापायच्या आणि आतल्या तिसरा हिस्सा. सगळ्या एका उंचीला कापल्या तर झाड मुंजीतल्या बटूसारखं दिसतं आणि फुलं पण सगळी एका ओळीत येतात, आत उंच बाहेर बुटकं ठेवलं की डेरा चांगला भरतो. कात्री पानांच्या जोडीच्या बरोबर वर, पाव इंच ठेवून. प्रत्येक पेरावर पानांची जोडी असते, त्या पानांच्या बगलेत बारीक हिरवा डोळा दिसेल, आठवडाभरात तिथून दोन फुटवे निघतात. एका काडीच्या दोन झाल्या, वजन विभागलं, उंची फूट-दीड फुटाने कमी. फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतात, चालतं. पण जुलै लागल्यावर कात्री लावू नका, कारण आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यानंतर कधीही पहिलं हिव पडतं आणि मग फुलायला दिवसच उरत नाहीत. ज्या वर्षी जून कोरडा जातो आणि झाड मुळातच खुरटं आहे त्या वर्षी मी खुडत पण नाही, गरज नसते.

२०२४ ला मी मुद्दाम उन्हातल्या दोन झाडांपैकी एकच खुडलं. दोन्हींचं खत बंद, दोन्हींचा स्प्रिंकलर बंद. खुडलेलं साडेतीन फुटांवर थांबलं आणि ऑक्टोबरपर्यंत ताठ. न खुडलेलं पावणेपाच फूट गेलं, पावसानंतर वाकलं पण झोपलं नाही, दोन दिवसांत बरंचसं सावरलं. म्हणजे खत-पाणी बंद केल्यानेच निम्म्याहून जास्त काम झालं होतं. तिसरं, मेपलखालचं, ते अर्थातच आडवं.

शेजारपाजार. हे झाड एकटं लावायचं झाड नाहीये, आजूबाजूला काहीतरी लागतं टेकायला. गवतं लावा, इथलीच, लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीड, सेजपासून फूट-दीड फुटावर, तीन बाजूंनी. समोर बुटकं काहीतरी, ॲरोमॅटिक ॲस्टर मस्त जातं, सेजचे उघडे पाय झाकले जातात आणि त्याचीही जांभळट फुलं त्याच सुमारास येतात. बिग ब्लूस्टेम घराच्या वाफ्यात नका आणू, ते सहा-सात फूट जातं आणि मग सेज शोधावं लागतं. बाकी एक गंमत सांगते. मी २०२४ च्या एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने लिटल ब्लूस्टेमचे पाच ठोंब आणले, सेजला आधार म्हणून. माती अजून श्रीमंतच होती. लिटल ब्लूस्टेमला पण खताच्या जमिनीत लोळायची खोड आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये आधार द्यायला आणलेलं गवत सेजच्या अंगावर रेलून झोपलेलं, आणि खुडलेलं सेज त्याला धरून उभं. नवऱ्याने फोटो काढून ठेवलाय, दर पार्टीत दाखवतो. २०२५ ला मात्र माती बऱ्यापैकी उतरली होती, गवत सरळ उभं राहिलं, सेज त्यात घुसून वर आलं आणि पहिल्यांदाच मला काठी लागली नाही.

"पण माझं आजच पडलंय, जूनचं काय सांगतेस" असं म्हणणाऱ्यांसाठी. आजच उचला, उद्यावर टाकू नका, याला कारण आहे. आडव्या झालेल्या काडीचं टोक लगेच वरच्या दिशेला वळायला लागतं, दोन-तीन दिवसांत काडीचा हॉकीच्या स्टिकसारखा आकार होतो. मग तुम्ही शनिवारी वेळ काढून काडी उभी केलीत की टोक आडवं, सगळी फुलं शेजारच्या घराकडे बघतायत. काडी वळली असेल तर खुशाल राहू द्या तशीच, आडव्या काडीची फुलं पण मधमाश्यांना चालतात. ताजी पडलेली असेल तर तीन-चार बांबू झाडाच्या भोवती तिरके बाहेरच्या बाजूला कलते खोचा, सुतळी एका काठीवरून दुसऱ्या काठीवर न्या, आणि मधल्या काड्यांना आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. गव्हाची पेंढी आवळतात तशी आवळू नका, मी आवळली होती. झाड उभं राहिलं पण खराट्यासारखं दिसत होतं, आणि आतली फुलं हवा न लागून काळी पडली. काठी मुळाच्या अगदी जवळ पण नको. काठ्या नकोच असतील तर मे महिन्यात, झाड वीतभर असताना, पिओनी नावाच्या फुलझाडाला लावतात ती लोखंडी रिंग वरून ठेवा, काड्या तिच्यातून वर येतात आणि ऑगस्टपर्यंत रिंग दिसत पण नाही.

लहान-सहान प्रश्न पण येतात. पहिल्या वर्षी फूल नाही, काय चुकलं? काही नाही, ते खाली मुळं सोडतंय, थांबा. जागा चुकली, हलवू का? दोन वर्षांच्या वरचं असेल तर मी नाही हलवणार, मूळ खोल गेलेलं असतं, निम्मं तुटून हातात येतं. मेपलखालच्या माझ्या झाडाचं मी हेच केलं, झाड हलवलं नाही, जूनमध्ये खुडलेल्या शेंड्यांपैकी सहा चांगले निवडले, खालची पानं काढली, ओल्या वाळू-परलाइटमध्ये खोचून सावलीत ठेवले, वरून प्लास्टिकची पिशवी. चार मुळं धरून आले. ते उन्हात लावले आणि जुनं काढून टाकलं. वाईट वाटलं, पण इतकी वर्षं वाकून उभं राहिलेलं झाड बघून पण वाटतच होतं.

बी पाठव असं पुण्याहून दोघींनी सांगितलंय. अहो, दुसऱ्या देशातलं बी असं पाकिटात घालून पाठवायचं नसतं, नियम आहेत त्याचे, आणि तुमच्याकडे सह्याद्रीत कारवी आहे की, सात-आठ वर्षांनी का होईना पण फुलते तेव्हा डोंगरच्या डोंगर निळा-जांभळा होतो.

पतंगराव, म्हणजे आमचा मुलगा, त्याला हे नाव आजीने ठेवलंय कारण दिवसभर फुलपाखरांमागे असतो, त्याने मला एक दाखवलं. बंबलबी फुलाच्या खालच्या पसरट ओठावर बसते, डोकं आत घालते, आणि वरच्या ओठातून परागाची दांडी टेकू दिलेल्या तरफेसारखी खाली येऊन तिच्या पाठीला टपकन लागते. अगरबत्तीची काडी हळूच आत घालून बघा, कधीकधी तुम्हाला पण दिसेल. झाड आडवं पडलेलं असलं की हे बघायला पोटावर झोपावं लागतं, तेवढ्यासाठी तरी जूनमध्ये कात्री चालवा.

शेवटचं म्हणजे हिवाळ्याचं. फुलं संपल्यावर लगेच बुडापासून कापू नका. बी चिमण्या खातात, आणि काड्या राहिल्या तर पुढच्या वर्षी कुठे काय होतं ते कळतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीचं एकदा पत्र आलं होतं, "वाळलेली झाडं काढावीत" म्हणून, मी पुढच्या कडेच्या काड्या तेवढ्या कापल्या, मागच्या ठेवल्या, परत पत्र आलं नाही. मार्चच्या शेवटी साधारण फूटभर ठेवून बाकीचं कापते. फूटभर मुद्दाम ठेवायचं, कारण हे झाड उशिरा जागं होतं, एप्रिलभर तिथे काही म्हणजे काही दिसत नाही, आणि एका वर्षी सगळं सपाट कापून टाकलं तर मीच ती जागा मोकळी समजून झेंडू लावायला खुरपं घातलं होतं, थेट मुळावर.